गुरुवारचं बाहेरचं काम

सोमवार, ५ जानेवारी

विद्यापीठाचं नवं धोरण आलं. संशोधन, नवनिर्मिती आणि बाहेरील व्यावसायिक काम यांविषयी. पूर्ण वाचलं. विभागात दुसरं कुणी पहिल्या पानाच्या पुढे गेलं असेल असं वाटत नाही. माझ्या उपयोगाचं वाक्य मधल्या पानावर सापडलं. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातला एक दिवस बाहेरच्या व्यावसायिक कामासाठी घेता येईल, मात्र पूर्वपरवानगीने.

निश्चय: गुरुवार घ्यायचा. गुरुवारी मला तास नसतात. विभागात बसलं की सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. घरी बसलं की कुणीच बोलत नाही. अर्थात त्याचा याच्याशी संबंध नाही. यंत्ररचना शिकवणाऱ्या माणसाने बाहेरचं काम करायलाच हवं.

आजपासून डायरी लिहिणार. लेक फोनवर म्हणाली होती, बाबा, मनातलं लिहीत जा. मनात तसं काही नाही. कामाची नोंद राहील. मुद्देसूद लिहायचं.

सप्टेंबरात पत्नी गेली. हे एकदा लिहून ठेवलं. पुन्हा लिहायचं कारण नाही.

बुधवार, ७ जानेवारी

विभागप्रमुखांना भेटलो. ते वयाने माझ्याहून लहान, म्हणून मला सर म्हणतात. पदाने मोठे, म्हणून मी त्यांना साहेब म्हणतो. त्यामुळे आमच्यात कुणी कुणाचं ऐकायचं हे नीट ठरलेलं नाही.

त्यांनी विचारलं, काम कुणाचं करणार. म्हटलं, बोलणी चालू आहेत. कुणाशी? म्हटलं, ते ठरायचं आहे. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि तात्पुरती सही केली. महिनाअखेर कामाचं स्वरूप लेखी द्यायचं. मग म्हणाले, गुरुवारी विश्रांती घ्या, सर. मी म्हटलं, धोरणात विश्रांतीचा रकाना नाही. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

गुरुवार, ८ जानेवारी, सकाळ

बाहेरच्या कामाचा पहिला दिवस. घरीच आहे. काम ठरलं. चादर.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. हिच्या आजारपणात हँडल फिरवून वरखाली होणारी कॉट भाड्याने आणली होती. तिच्यावरची गादी रेक्झिनची. रेक्झिनवर चादर टिकत नाही. माणूस जरा हलला की चादर सरकते, पाठीखाली गोळा होते आणि चुण्या रुततात. सतत झोपून असलेल्या माणसाला त्या चुण्यांनी जखमा होतात. यावर मी तीन मॉडेल्स तयार केली.

मॉडेल एक: स्टीलचा स्प्रिंगचा चिमटा. विभागाच्या वर्कशॉपमध्ये बनवला. आकडेमोड अचूक. चादर अजिबात सरकली नाही. फाटली.

मॉडेल दोन: स्प्रिंग नरम केली. दोन दिवस उत्तम. तिसऱ्या दिवशी चिमटा सुटून हिच्या कोपराला लागला. त्यानंतर तो सापडेना. ही म्हणाली, मला काय माहीत, मी तर पडून असते. पुढे तो तिच्याच उशीच्या अभ्र्यात निघाला.

मॉडेल तीन घरी विकसित झालं. चादरीच्या कोपऱ्याखाली एक बटण धरायचं. वरून तारेची लांबट कडी घालायची आणि ओढायचं. कडीच्या निमुळत्या भागात बटण चादरीसकट अडकतं. कडीला इलॅस्टिकची पट्टी, ती गादीखालून कॉटच्या दांडीला. चार कोपरे, चार बटणं. शेवटपर्यंत एकदाही सुटलं नाही.

हिने यात काही किरकोळ सूचना केल्या होत्या.

त्याच दिवशी, दुपार

नाव सुचलं: चतुष्कोन वस्त्रस्थिरक. उद्यापर्यंत याहून सोपं सुचेल.

सोमवार, १२ जानेवारी

नाव तेच ठेवलं.

गादीवाल्याकडे गेलो. कॉट त्याच्याच दुकानातली. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छतापर्यंत गाद्या, मधे तो. त्याने लगेच स्टूल पुढे केलं आणि वहिनींचं कळलं, फार वाईट झालं असं म्हणाला. मी म्हटलं, कामाचं बोलायला आलोय.

एक नमुना सोबत नेला होता. त्याने आपल्या गादीच्या कोपऱ्याला लावून ओढला, पुन्हा ओढला, मग भिंतीला पाय टेकवून ओढला. कॉट नेणारं प्रत्येक गिऱ्हाईक चादरीचं रडगाणं गातं, असं म्हणाला. हे बनवून विकायला तयार आहे. फक्त उद्या कुणी दारात भांडायला येऊ नये. "हे तुमचंच आहे ना, सर? मग तेवढं लिहून आणा." मी म्हटलं, आठवड्यात आणतो.

निघताना त्याने कॉटचा विषय काढला. परत कधी पाठवताय? एकजण वाट पाहतोय. म्हटलं, तिच्यावर प्रयोग चालू आहे.

चालू करायला हवा.

गुरुवार, १५ जानेवारी

कॉटवर चाचणी. अस्वस्थ रुग्ण चादरीवर काय परिणाम करतो, हा विषय. रुग्ण मी. दुपारभर या कुशीवरून त्या कुशीवर झालो. मुद्दाम काही करावं लागलं नाही. एकही कोपरा सुटला नाही. डोळा लागला तो लागलाच, उठलो तेव्हा अंधारून आलं होतं. सप्टेंबरपासून इतकी झोप लागली नव्हती. हा उत्पादनाचा गुण म्हणून नोंदवावा का?

मेहुणीचा फोन येऊन गेला होता. तिला म्हटलं, कामात होतो.

सोमवार, १९ जानेवारी

नवनिर्मिती कक्षात गेलो. पूर्वी तिथे झेरॉक्सचं मशीन होतं. आता काचेचं दार, एक कुंडी आणि एक बाई. बाई कायदा शिकलेल्या, तरुण, बोलायला नेमक्या. त्यांना सांगितलं की मला फक्त एक कागद हवा, हे माझं आहे असा.

त्यांनी धोरण समजावलं. मी वाचलेलं होतं, पण ऐकून घेतलं. विद्यापीठाच्या नोकराने आपल्या विषयातलं काही शोधलं तर ते विद्यापीठाचं. शोधकाचं नाव लागतं, मालकी विद्यापीठाची. त्यांनी विचारलं, तुमचा विषय? म्हटलं, यंत्ररचना. वर्कशॉप वापरलंत? म्हटलं, मॉडेल एक आणि दोनसाठी, पण ती फसली. म्हणजे अपयश विद्यापीठाचं, यश माझं. हा मुद्दा मला बिनतोड वाटला. त्यांना वाटला नाही.

मग त्यांनी विचारलं, तिसरं कुणी केलं. म्हटलं, घरी विकसित झालं.

"आपोआप?"

मी म्हटलं, घरात आम्ही दोघं होतो. त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, कुणाच्या डोक्यातून काय आलं ते घरी आठवून लिहून आणा. घाई नाही.

घाई आहे. गादीवाल्याला आठवड्यात सांगितलं आहे.

मंगळवार, २० जानेवारी

लेकीचा फोन. जेवलात का, काय जेवलात, कुणी केलं. सगळ्याची उत्तरं दिली. मग तिला प्रकल्पाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, कॉट अजून घरातच आहे का. मी म्हटलं, उपकरण म्हणून आहे. ती म्हणाली, बाबा, आईची खोली मोकळी करा आता, मी रजा काढून येते. म्हटलं, प्रयोगात व्यत्यय नको.

माझी तब्येत उत्तम आहे. वजन थोडं घटलं आहे, ते चांगलंच.

रविवार, २५ जानेवारी

मेहुणी डबा घेऊन आली. हिची धाकटी बहीण. आजारपणात रोज यायची. येते तेव्हा आधी खिडक्या उघडते, मग बोलते. तिला साक्षीदार म्हणून तिसऱ्या मॉडेलबद्दल विचारलं, की माझ्या आठवणीला दुजोरा मिळावा.

तिला हसू आवरेना. म्हणाली, "भावोजी, दोन वेळा तुम्ही ताईला घायाळ केलंत. तिसऱ्यांदा तिने तुम्हाला चहा करायला पाठवलं, ते आठवतं का?" चहा आठवतो. मी स्वयंपाकघरात होतो तेवढ्यात हिने बहिणीकडून कपाटातला माझा कोट मागवला, कात्री मागवली आणि बटणं कापली. कड्या तिच्याच केसांच्या पिना वाकवून केल्या. केस गेल्यापासून पिना नुसत्याच पडून होत्या. इलॅस्टिक जुन्या परकराचं. मी चहा घेऊन आलो तोवर तीन कोपरे झाले होते. चौथ्याच्या वेळी गादी उचलून धरायला मला बोलावलं.

मी म्हटलं, हे असं झालं असेल तर मला कसं माहीत नाही. मेहुणी म्हणाली, ताईनेच सांगितलं होतं, त्यांना म्हणू दे त्यांचं आहे म्हणून, दोन महिने झटलेत बिचारे.

ती गेल्यावर कपाट उघडलं. पदवीदान समारंभाचा कोट. चारही बटणं नाहीत. मी ती लॉन्ड्रीने हरवली म्हणून लॉन्ड्रीवाल्याला भर दुकानात बोललो होतो आणि लॉन्ड्री बदलली होती. नवा कपडे पिवळे करतो.

तरी एक आहे. बटणं माझी होती.

मंगळवार, २७ जानेवारी

कक्षातल्या बाईंना बटणांचा मुद्दा सांगितला. साहित्य पुरवणारा शोधक ठरत नाही, असं उत्तर मिळालं. म्हटलं, मी पुरवलं नव्हतं, माझ्या नकळत नेलं. त्या म्हणाल्या, मग तर नाहीच.

त्यांनी एका कागदावर दोन रेघा मारून समजावलं. एक: मी आणि पत्नी, दोघं शोधक. दिवंगत व्यक्तीचं नाव लागू शकतं. कागदावर दोघांची नावं शेजारी शेजारी येतील. पण मी नोकर, म्हणून वस्तू विद्यापीठाची. गादीवाल्याला द्यायची की कपाटात ठेवायची ते समिती ठरवणार. दोन: शोध फक्त पत्नीचा. मग विद्यापीठाचा संबंध नाही, वस्तू तिच्या वारसांची, म्हणजे माझी आणि लेकीची. त्यासाठी मला सहीनिशी लिहावं लागेल की यात माझा काहीही सहभाग नव्हता.

मी विचारलं, दोघांची नावं आणि वस्तूही आमची, असं तिसरं काही? नाही.

मी विचारलं, बहुतेक लोक काय करतात? बाई म्हणाल्या, बहुतेक लोक खरं काय ते लिहितात, सर.

त्यांचा अनुभव कमी आहे.

गुरुवार, २९ जानेवारी

बाहेरच्या कामाचा दिवस. माझ्या सहभागाची टिपणं काढली.

अडचण प्रथम माझ्या लक्षात आली. हे लिहिलं आणि खोडलं. अडचण हिच्या पाठीखाली होती. हिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो की चादर नवीन आहे, बसेल हळूहळू. मॉडेल एक आणि दोन फसल्यामुळे तिसऱ्याची दिशा मिळाली. हे राहू दिलं. चाचणी मी घेतली. घेतली, पण गेल्या पंधरवड्यात. चहा. खोडला. गादी उचलून धरली. हे तांत्रिक काम आहे का, हे पाहावं लागेल.

उगाच येरझाऱ्या घातल्या. दोनदा खाली जाऊन टपालपेटी पाहिली. टपाल हल्ली येतच नाही.

खरं म्हणजे मला श्रेयाची हाव नाही. मुद्दा निराळा आहे. लग्नपत्रिकेनंतर आमची दोघांची नावं एका कागदावर कधी आलीच नाहीत. दारावरच्या पाटीवर माझंच नाव आहे. पाटी लहान होती. मृत्यूच्या दाखल्यावर दोघांची आहेत, पण तो कागद मी धरत नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

निर्णय पक्का. दोघांची नावं. विद्यापीठाला मिळालं तर मिळो. विद्यापीठ म्हणजे काही परकं नव्हे.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, विद्यापीठाने ते कपाटात ठेवलं तर? आईने ते कपाटात ठेवायला केलं होतं का?" मी म्हटलं, धोरण गुंतागुंतीचं आहे. ती म्हणाली, आईने दहा मिनिटांत केलं होतं, तुम्ही महिना लावलात. ही बोलण्याची तऱ्हा तिच्या आईची आहे. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं, मग नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

दोघांची नावं लिहून कक्षात नेली. सुवाच्य अक्षरात, माझं नाव दुसरं. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, प्रत्येकाने नेमकं काय शोधलं ते खाली लिहायचं राहिलं. हिच्या नावापुढे मी बटण, कडी, इलॅस्टिक, सगळं लिहिलं. माझ्या नावापुढे जागा मोकळी होती.

बाई थांबल्या. मी म्हटलं, कॉटचं हँडल मी फिरवायचो. तिला कधी किती उंच हवं ते मला न सांगता कळायचं. मागची बाजू दोन फेरे वर, जेवताना पाच, पाय दुखत असले तर उलट.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या वेळी मीही फिरवायचे, सर. पण ते इथे नाही हो बसत."

कागद परत आणला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

गादीवाल्याचा फोन. अडून बसत नव्हता, पण आवाजात अडचण होती. एका घरी म्हातारे वडील दवाखान्यातून आलेत, जमिनीवर गादी टाकून झोपवलंय, उठवताना तिघं लागतात. "सर, तुमचा प्रयोग जरा लवकर संपेल का?"

म्हटलं, संपला.

दुपारी दोन माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी चादर ओढून काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. एकाने जोर लावला, मग दुसऱ्याने. मी सांगू शकलो असतो की बटण मागे ढकललं की सुटतं. सांगितलं नाही. शेवटी त्यांनी चादरीसकट गादी उचलली आणि जिन्यावरून नेली. उत्पादनाच्या मजबुतीचा इतका चांगला पुरावा आजवर मिळाला नव्हता.

चारही नमुने गेले. लक्षात आलं तेव्हा टेम्पो कोपऱ्यावरून वळला होता.

खोली मोठी दिसते. फरशीवर चाकांच्या चार खुणा आहेत. पुसल्या, जात नाहीत. तिथे लिहायचं टेबल ठेवायचं ठरवलं. दोनदा टेबल सरकवून पाहिलं, पुन्हा जागेवर आणलं. उजेडाचा प्रश्न आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाईंसमोर बसून लिहिलं. प्रस्तुत वस्तू माझ्या पत्नीने स्वतः शोधली असून तीत माझा फारसा सहभाग नाही. बाईंनी 'फारसा' या शब्दावर बोट ठेवलं. तो काढला. नुसतं 'नाही' चालत नाही, 'कोणताही नाही' असं हवं. तेही लिहिलं. सही केली. इतकी वर्षं प्रश्नपत्रिकांवर सह्या करतोय, पण हात जरा वेगळा पडला. थंडी होती.

बाई म्हणाल्या, आता जगात असं आधी कुणी केलेलं नाही ना, एवढं शोधून पाहते, मग पत्नीच्या नावे पेटंटचा अर्ज. शोधक म्हणून फक्त त्यांचंच नाव.

घरी येताना वाटलं, तिला आवडलं नसतं. कशाला माझं एकटीचं, म्हणाली असती. पण तिला विचारून कधी काही केलं नाही, आता सुरुवात करून काय.

चालत आलो. बस समोर उभी होती तरी.

बुधवार, १८ फेब्रुवारी

कक्षात बोलावलं. बाईंनी स्वतः उठून दार लावलं. हे चांगलं लक्षण नसतं. सप्टेंबरात डॉक्टरांनीही लावलं होतं.

त्यांनी पडद्यावर एक जुनं चित्र दाखवलं. बायकांचे लांब पायमोजे वर धरून ठेवायची पट्टी. इलॅस्टिक, तारेची कडी आणि कापडाखाली बटण. शंभरावर वर्षांपूर्वीचं. तंतोतंत आमचं. बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता हे कुणाचंच नाही, सर. कुणीही बनवू शकतं." अर्ज होणार नाही. माझं सहीचं निवेदनही लागणार नाही. ते त्यांनी परत दिलं.

मी चित्राकडे पाहत राहिलो. हिने असली पट्टी जन्मात पाहिली नव्हती. पाहिली असती तर हसत सुटली असती. म्हणजे तिने शोधलंच होतं, फक्त दुसऱ्यांदा. याला धोरणात रकाना नाही. बाईंना विचारलं. त्यांनी खरोखर धोरण चाळून पाहिलं, नाही.

निवेदन खिशात आहे. माझा कोणताही सहभाग नाही, असं माझ्याच अक्षरात.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

साहेबांनी बाहेरच्या कामाचा अहवाल मागितला. दिला. ग्राहक: नाही. उत्पन्न: नाही. निष्पत्ती: नाही. साहेब म्हणाले, सर, इतका प्रामाणिक अहवाल आजवर आला नाही. गुरुवारची परवानगी पुढे चालू ठेवता येत नाही, त्यांचाही नाइलाज आहे. उलट पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं शिक्षकाअभावी अडली आहेत. कधी? गुरुवारी.

म्हटलं, चालेल. माझ्या हातात आता इतरही कामं आहेत. कोणती ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

शनिवार, ७ मार्च

बाईंचा फोन. आवाज अवघडलेला. बाजारात एक वस्तू आली आहे, विद्यापीठाचा उल्लेख आहे, धोरणानुसार तो चालत नाही, तुम्हीच एकदा बघाल का.

गादीवाल्याकडे गेलो. दुकानाच्या दाराशीच टांगलेलं होतं. जाड कार्डाला चार कड्या, चार बटणं, वर लाल अक्षरांत: 'प्रोफेसर क्लिप'. खाली: विद्यापीठातील तज्ज्ञांचा शोध. कॉटबरोबर आलेले नमुने पाहून त्याने बनवून घेतलं होतं. त्याला वाटलं होतं मी खूश होईन. "तुमचं नाव घातलं नाही हो, परवानगी नव्हती. पण मान तर राहिला पाहिजे ना, सर?"

मी त्याला समजावलं. विद्यापीठाची ओळ खोडायला तो लगेच तयार झाला, काळ्या पट्टीने झाकतो म्हणाला. मग मी सांगितलं की वरचंही चूक आहे. हे प्रोफेसरने केलेलं नाही. पुरावा म्हणून खिशातलं निवेदन दाखवलं. त्याने ते ओठ हलवत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनींनी?"

म्हटलं, हो.

"वहिनींचं नाव काय होतं, सर?"

सांगितलं. घराबाहेर, मोठ्याने, सप्टेंबरानंतर पहिल्यांदाच. त्याने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. छान दिसेल म्हणाला. ही कार्डं संपली की पुढच्या छपाईत तेच घालू. किती आहेत, असं विचारलं. त्याने मागच्या ढिगाकडे हात केला. संपतील हळूहळू.

निश्चय: ती संपवायची.

शनिवार, १४ मार्च

दुपारी गादीवाला जेवायला घरी जातो आणि त्याचा थोरला भाऊ बसतो. तो मला ओळखत नाही. त्याच्याकडून पिशवीभर कार्डं घेतली. त्याने विचारलं, वसतिगृहासाठी का? म्हटलं, तसंच काहीसं.

मंगळवार, १७ मार्च

पुन्हा. या वेळी मोठी पिशवी.

शुक्रवार, २० मार्च

प्रात्यक्षिकांच्या मधल्या सुट्टीतही जाऊन यायचा विचार होता, तो काल जमला नाही. आज गेलो. आता रिकाम्या खोलीत भिंतीला लागून कार्डांची रास आहे. मेहुणीने खिडक्या उघडल्या, रास पाहिली आणि एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं. नंतर म्हणाली, भावोजी, घरात पलंग दोनच आहेत. म्हटलं, माहीत आहे. तिने मदत म्हणून दोन कार्डं नेली.

लेकीला पाच टपालाने पाठवली. दुकानामागचा ढीग आज माझ्या गुडघ्याइतका उरला होता. आणखी आठवडाभराचं काम. हिचं नाव लाल अक्षरांत कसं दिसेल, याची कल्पना करून पाहिली. निळं जास्त शोभेल. तसं सांगणार आहे.

शनिवार, २८ मार्च

आज भाऊ नव्हता. गादीवालाच बसला होता. मला पाहून काउंटरमागून बाहेर आला, स्टूल दिलं, चहा सांगितला. मी पाहिलं, मागचा ढीग संपला होता. त्या जागी नवे गठ्ठे होते, आधीच्याहून उंच. म्हटलं, छपाई झाली वाटतं. झाली म्हणाला. एक गठ्ठा फोडून दाखवला.

'प्रोफेसर क्लिप'. अक्षरं आता अधिक मोठी.

त्याने दोन्ही कान पकडले. वहिनींचं नाव मनात होतं, छापखान्यात सांगितलंही होतं. पण माल असा उचलला गेला, की थोरला भाऊ म्हणाला, चालत्या मालाचं नाव बदलायचं नाही. "तीन आठवड्यांत सगळं साफ, सर. दुपारच्या वेळी तर झुंबड असते म्हणतो दादा."

मी चहा प्यायलो. निळ्या रंगाचं बोललो नाही.

निघताना एक कार्ड मागितलं आणि पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "तुमच्याकडून कसले पैसे? तुमच्याच नावाचं आहे."